अस्तराचा एप्रन

अस्तराचा एप्रन : (शिवणकाम). अंगावरचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून समोरून बांधायचे, दोन थरांचे, बिनबाह्यांचे वस्त्र. बाहेरचे कापड व अस्तर एकाच आकारात बेतून, सर्व कडा आत दडवून ते शिवतात. महाराष्ट्रात डॉक्टरांच्या व प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटालाही एप्रनच म्हणतात. त्याची बेतणी वेगळी असल्याने तो येथे घेतलेला नाही.

अस्तर लावायला शिकताना पहिले वस्त्र म्हणून हेच निवडावे. ब्लाउजच्या अस्तरात टक्स, मुंढा आणि बाही यांचा मेळ एकाच वेळी साधावा लागतो. एप्रन अंगाला बसवायचा नसतो, त्यामुळे माप अर्धा इंच इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. अवघड आहे तो एकच भाग, थर कोणत्या क्रमाने ठेवायचे हा.

कापड : बाहेरून पॉपलिन, खादी किंवा पातळ ड्रिल, आतून केंब्रिक किंवा मांजरपाट. दोन्ही कापडे बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करावीत. कोऱ्या मांजरपाटात खळ असते आणि ते धुतल्यावर बरेच आटते. बाहेर टेरिकॉट व आत न भिजवलेले मांजरपाट असा जोड केला, तर पहिल्या धुण्यातच अस्तर ओढले जाऊन कडा गोळा होतात. जुन्या सुती साडीचे किंवा चादरीचे अस्तर लावावे की नाही, यावर मतभेद आहेत. ते आटायचे तेवढे आटलेले असते हे खरे, पण विरलेले असल्यास टिपेजवळ फाटते.

मापे : मध्यम बांध्याच्या प्रौढ व्यक्तीसाठी तयार उंची ३२ इंच, खालची रुंदी २८ इंच, छातीवरच्या भागाची वरची रुंदी १० इंच. वरच्या कडेपासून १० इंच खाली कमरेची बाजू येते. तेथपर्यंत बगलेचा आतला गोलवा काढतात. ब्राउन पेपर उभा दुमडून अर्धाच आकार काढला म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. चहूबाजूंनी अर्धा इंच माया सोडावी. ४४ इंच पन्ह्याचे १ मीटर कापड बंदांसह पुरते; ३६ पन्हा असल्यास दीड मीटर धरावे. अस्तराला दोन्ही पन्ह्यांत १ मीटर पुरे. दोन्ही थरांचा उभा धागा उभाच ठेवावा. कापड वाचवण्यासाठी अस्तर आडवे बेतले, तर वापरात एप्रन नीट लोंबत नाही.

बंद : कमरेचे दोन, प्रत्येकी सुमारे ३६ इंच, गळ्याचा एक, २४ इंच. पट्टी ३ इंच रुंद कापून सुलट बाजू आत घेत दुमडावी, अर्ध्या इंचावर टीप मारावी आणि सेफ्टी पिनने उलटवावी. १ इंच रुंदीचा बंद तयार होतो.

खिसा : ऐच्छिक. जोडायचा तर अस्तर लागण्याआधी.

थरांचा क्रम : बाहेरचे कापड सुलट बाजू वर करून पसरावे. बंदांची टोके कडेशी जुळवून बंद आतल्या बाजूस, म्हणजे कापडाच्या अंगावर, घडी करून टाचणीने अडकवावेत. नवशिक्याचा हात येथेच चुकतो. बंद बाहेर लोंबते ठेवणे स्वाभाविक वाटते. तसे शिवले की उलटवल्यावर ते दोन थरांच्या मधे जातात आणि सगळे उसवावे लागते. गळ्याच्या बंदाला पीळ पडलेला नाही, हेही याच वेळी पाहावे. त्यावर अस्तर सुलट बाजू खाली करून ठेवावे. कच्चा धावदोरा घालावा की नुसत्या टाचण्यांवर भागवावे, हे शिकवणाऱ्यावर अवलंबून असते; गोलव्यापुरता तरी धावदोरा घातलेला बरा.

टीप खालच्या कडेला सुरू करून चारी बाजूंनी फिरवावी व ५ इंचांचे तोंड मोकळे ठेवावे. कोपऱ्यावर सुई कापडातच ठेवून, दाबपट्टी उचलून कापड वळवावे. बंदांवर टीप मागेपुढे मारावी, कारण सगळा ताण तेथेच येतो. नंतर कोपऱ्यांची माया तिरकी छाटावी. बगलेच्या गोलव्याला अर्ध्या अर्ध्या इंचावर, टिपेला न लागेल इतके कापे द्यावेत. ते न दिल्यास उलटवल्यावर गोलवा चुण्या धरतो. मोकळ्या तोंडातून एप्रन उलटवून कोपरे विणकामाच्या बोथट सुईने बाहेर काढावेत. कात्रीचे टोक त्यासाठी वापरू नये, ते आरपार जाते.

अस्तर डोकावणे : समोरून अस्तराची बारीक रेघ दिसणे हा या प्रकारातला नेहमीचा दोष. त्यावर अस्तर चहूकडून सूतभर लहान बेतणे हा एक उपाय. इस्त्री करताना टीप बोटांनी किंचित मागे लोटणे हा दुसरा. मग कडेपासून पाव इंचाच्या आत वरून टीप फिरवावी. मोकळे तोंडही तिनेच बंद होते.

गोटाची पद्धत : दोन्ही थर उलट बाजू आत घेऊन जोडतात व कडेला तिरप्या पट्टीचा गोट लावतात. दिसायला सोपी, गोलव्यावर हात बसायला वेळ लागतो.

लिखित नियम : स्वयंपाकघरातल्या एप्रनची मापे कोणी नेमून दिलेली नाहीत. फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींनी मात्र आपल्या विधींतल्या एप्रनची दिली आहेत. १८१३ मध्ये इंग्लंडमधील त्यांच्या दोन ग्रँड लॉज (मध्यवर्ती संस्था) एक झाल्या, त्यानंतर तेथील नियमांत पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा एप्रन १४ ते १६ इंच रुंद व १२ ते १४ इंच उंच ठरला. ‘मास्टर’ दर्जाच्या सभासदाला आकाशी अस्तर व आकाशी काठ.

निगा : दोन थरांमुळे वाळायला वेळ लागतो, विशेषतः पावसाळ्यात. इस्त्री आधी अस्तराच्या बाजूने करावी.