एकसमयावच्छेदेकरून

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याला लागलं की येलवाल येतं. सप्टेंबर १९५७ मध्ये विनोबांच्या ग्रामदानासाठी इथे परिषद भरली. पंडित नेहरूही आले होते. सगळ्यांच्या मनगटावर वेळ होती ८२॥ रेखांशाची, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. येलवालचा सूर्य मात्र तिच्यामागे सरासरी २४ मिनिटं, म्हणजे जवळजवळ नेमकी एक घटका!

सगळे तिथे एकाच वेळी जमले, पण वेळ कुणाची? या 'एकाच वेळी'ला जुन्या मराठीत एक भारदस्त शब्द होता: एकसमयावच्छेदेकरून. आज तो थट्टेपुरता उरला आहे. घराणं त्याचं न्यायशास्त्राचं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राचं. अवच्छेद म्हणजे मर्यादा घालून वेगळं काढणं. नव्यन्यायाची तर अर्धी भाषा या अवच्छेदावर उभी आहे. एका समयाने मर्यादित केलेलं, ते एकसमयावच्छिन्न. शेवटचं 'करून' मात्र आपलं, देशी. समय कुणी मापायचा, हे शब्द सांगत नाही. पण मर्यादा कुणीतरी घातली आहे, हे तो लपवत नाही. 'समकालिक' या गुळगुळीत शब्दात ती खूण पुसली गेली.

मर्यादा कुणी घालायची, यावर मुंबईत भांडण झालंच. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यामागे ३९ मिनिटं होती, आणि शहराने ती सोडायला नकार दिला. नगरपालिकेची घड्याळं मुंबई टाइमवरच चालत राहिली. तो कारभार काही दशकं टिकला. 'मुंबई टाइम की स्टँडर्ड?' हे विचारल्याशिवाय भेट ठरत नसे.

त्याआधी काही महिने, १९०५ मध्ये, आइन्स्टाइनचा सापेक्षतेवरचा निबंध आला होता. दोन्ही गोष्टी सारख्याच, असं समजणारे पुष्कळ भेटतात. तिथेच घोटाळा आहे. मुंबईचा वाद क्षणाच्या नावाचा होता: एकच क्षण, कुणी त्याला बारा म्हणे, कुणी बारा एकोणचाळीस. आइन्स्टाइन क्षणालाच हात घालतो. धावत्या गाडीच्या दोन टोकांवर वीज पडली. रुळाकाठच्या माणसाच्या हिशेबी एकदमच. गाडीतला म्हणतो, पुढची आधी. प्रकाश उशिरा पोचला, हा खुलासा पुरत नाही; प्रवासाचा वेळ वजा केल्यावरही दोघांचं जुळत नाही.

अर्धा किलोमीटर लांबीची, ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी घेतली, तर फरक किती? सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले, तर त्यातले दीड. एवढ्याशाने कुणाचा मुहूर्त टळत नाही.

तरी बर्गसाँसारखा तत्त्वज्ञ १९२२ मध्ये पॅरिसमध्ये आइन्स्टाइनसमोर उभा राहिला. घड्याळं जुळवण्याआधी 'एकदम' म्हणजे काय ते माणसाला कळतंच, असा त्याचा रोख होता. हरकत पोरकट नव्हती. हाताशी असलेल्या दोन गोष्टींपुरतं ते खरंही आहे. त्या लांब गेल्या की अवच्छेद कुणाचा, हे सांगावंच लागतं.