स्टीव्ह लुकाथर : दुसऱ्यांच्या गाण्यातला गिटारवादक

मायकेल जॅक्सनचे 'बीट इट' म्हटले की रसिकांना त्यातील एडी व्हॅन हेलनचा झंझावाती गिटार सोलो आठवतो. मात्र त्या सोलोच्या मागे-पुढे सबंध गाणे ज्या रिफवर उभे आहे, ती रिफ आणि तिच्याखालची बास गिटार या दोन्ही स्टीव्ह लुकाथरने वाजविल्या आहेत. १९८२ सालच्या 'थ्रिलर'च्या कोट्यवधी प्रती खपल्या. लुकाथरचे नाव मात्र वेष्टनावरील बारीक टाइपातच राहिले. सेशन वादकाच्या पेशाचे स्वरूपच असे आहे.

लुकाथरचा जन्म २१ ऑक्टोबर १९५७ रोजी लॉस एंजेलिसलगतच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात झाला. सातव्या वर्षी वडिलांनी त्याला गिटार आणि बीटल्सची एक तबकडी आणून दिली. शाळेत पोर्कारो बंधूंशी मैत्री झाली आणि त्यांच्या ओळखीने तो धंदेवाईक वादकांच्या वर्तुळात शिरला. वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर बॉझ स्कॅग्जच्या वाद्यवृंदात त्याला स्थान मिळाले. १९७७ मध्ये डेव्हिड पेच व ड्रमवादक जेफ पोर्कारो यांनी 'टोटो' हा बँड काढला, त्यात गिटार लुकाथरकडे आली.

त्या काळी लॉस एंजेलिसमधील स्टुडिओंत साधारण तीन तासांचे एक सेशन असे. वादकासमोर येणाऱ्या कागदावर अनेकदा केवळ कॉर्ड्स लिहिलेल्या असत. काय वाजवायचे, ते त्याने जागच्या जागी सुचवायचे. सकाळी मृदू प्रेमगीत, दुपारी फंक, संध्याकाळी कर्कश रॉक अशी कसरत करावी लागे. मोबदला ठरावीक, गाणे पुढे कितीही गाजो, त्याच्या विक्रीत वादकाचा वाटा नसे. लुकाथर या बाजारपेठेतला आघाडीचा वादक ठरला. ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या 'फिजिकल'मधील सोलो त्याचा आहे, लायोनेल रिचीच्या 'रनिंग विथ द नाइट'मधीलही त्याचाच. जॉर्ज बेन्सनचे 'टर्न युवर लव्ह अराउंड' रचण्यात तो सहभागी होता आणि त्या रचनेने त्याला ग्रॅमी मिळवून दिले.

'बीट इट'ची हकीकत तो स्वतः रंगवून सांगतो. जॅक्सनचा पहिला दूरध्वनी आला, तेव्हा कोणी तरी थट्टा करीत आहे असे समजून त्याने तो ठेवून दिला! पुढे व्हॅन हेलनने सोलोसाठी ध्वनिफीत कापून तिची जुळणी बदलली आणि इतर फितींशी तिचा मेळच बसेना. निर्माता क्विन्सी जोन्सने हा पेच जेफ व लुकाथर यांच्यावर सोपविला. जॅक्सनचा आवाज आणि व्हॅन हेलनचा सोलो कायम ठेवून त्यांच्याभोवती उरलेले गाणे पुन्हा वाजवायचे होते. जेफने ड्रम बसविले. लुकाथरने मोठे अ‍ॅम्प्लिफायर लावून गिटारचे थर चढविले. जोन्सला ते फार जड वाटले. असे गाणे रेडिओवर चालणार नाही, असे त्याचे म्हणणे. लुकाथरने निमूटपणे लहान अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि सारे नव्याने वाजविले. आपला आवाज गाण्यापुरता आवरण्याची ही तयारी हेच त्याचे खरे कौशल्य, असे आमचे मत आहे. सोलो वाजविणारे पुष्कळ मिळतात.

त्याच वर्षी 'टोटो-४' प्रसिद्ध झाला. 'रोझाना' गीताला आणि या अल्बमला फेब्रुवारी १९८३ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचे व अल्बमचे ग्रॅमी मिळाले. 'आय वोंट होल्ड यू बॅक' लुकाथरने लिहिले आणि गायलेही. तरीही रॉकच्या समीक्षकांनी या बँडला कधी आपले मानले नाही. वादन निर्दोष, पण चेहरा नाही, हा आक्षेप त्यांनी वर्षानुवर्षे लावला. तो पूर्णतः निराधार नव्हता. परंतु त्याच हातांनी वाजविलेली गाणी इतर गायकांच्या नावावर आली, की तेच वादन वाखाणले जाई.

ऑगस्ट १९९२ मध्ये जेफ पोर्कारोचे अवघ्या ३८ व्या वर्षी निधन झाले. मित्र गेला, पण बँड थांबला नाही; गायनाचा मोठा भार काही काळ लुकाथरने उचलला. संगणकावर आणि घरगुती स्टुडिओत ध्वनिमुद्रण होऊ लागले, तसे सेशनचे कामही आटत गेले. मधल्या काळात जॅझ गिटारवादक लॅरी कार्लटनसमवेत ओसाका येथे केलेल्या मैफलीच्या 'नो सब्स्टिट्यूशन्स' या अल्बमने त्याला आणखी एक ग्रॅमी दिले.

२००८ मध्ये तो टोटोतून बाहेर पडला आणि बँड विसर्जित झाला. दोनच वर्षांनी सारे पुन्हा एकत्र आले, ते जेफचा भाऊ, बासवादक माइक पोर्कारो याच्यासाठी. त्याला एएलएस हा मज्जासंस्थेचा असाध्य विकार जडला होता. त्याच्या कुटुंबाला साहाय्य व्हावे म्हणून २०१० चा दौरा आखण्यात आला. मार्च २०१५ मध्ये माइकचे निधन झाले. दरम्यान २०१२ पासून लुकाथर रिंगो स्टारच्या 'ऑल-स्टार बँड'मध्येही वाजवू लागला होता.

टोटोच्या आजवरच्या प्रत्येक संचात असलेला तो एकमेव वादक आहे. २०२० मध्ये गायक जोसेफ विल्यम्ससह त्याने बँडची नव्याने बांधणी केली, तेव्हा संस्थापकांपैकी मंचावर तो एकटाच उरला होता.