खुपऱ्या, शाळेचे दार आणि आईचा पदर

मुलांच्या रोजच्या सहवासाने साधे जंतुरोग पसरतात काय, या प्रश्नाचे उत्तर डॉक्टराच्या अधिकाराने देण्याची माझी योग्यता नाही. माझी शाळा म्हणजे युनियनची कचेरी आणि सार्वजनिक वाचनालय. तेव्हा एकच रोग घेतो, खुपऱ्या; आणि एकच शहर, न्यूयॉर्क.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील लोअर ईस्ट साइड या वस्तीत पूर्व युरोपातून आलेली कामगार कुटुंबे एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि पुष्कळदा तेथेच कपडे शिवून पोट भरत. खुपऱ्यांना अमेरिकन सरकारने १८९७ मध्येच धोक्याचा सांसर्गिक रोग ठरविले होते. एलिस बेटावर उतरणाऱ्यांच्या पापण्या बोटांनी, नाहीतर चक्क बुटाची बटणे लावण्याच्या आकड्याने उलटून पाहत. रोग दिसला की माणसाची रवानगी परत! हीच नजर पुढे शाळांत आली. खुपऱ्या, नायटा, उवा, अंगावरचे फोड, काहीही आढळले की मूल घरी. १९०२ च्या एकट्या सप्टेंबर महिन्यात अशी १०,५६७ मुले घरी धाडली गेली.

भीती खोटी नव्हती; रोग लागट होताच. पण घरी धाडलेले मूल जाई कोठे? त्याच खोलीत, भावंडांच्या अंथरुणात. आणि शाळा सुटली की त्याच सोबत्यांबरोबर रस्त्यावर खेळायला. डॉक्टर रोग ओळखून मोकळा होई. औषध लावणे कोणाचेच काम नव्हते. कामगारांच्या बाबतीत असला न्याय मी पुष्कळ पाहिला आहे.

हेन्री स्ट्रीटवर परिचारिकांचे सेवाकेंद्र चालविणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी १९०२ च्या ऑक्टोबरात लीना रॉजर्स ही परिचारिका महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळांना दिली. किरकोळ दुखण्यांवर ती शाळेतच उपचार करी, मग घरी जाऊन आईला सर्व समजावून सांगे. प्रयोग पटला, आणखी परिचारिका नेमल्या गेल्या, आणि १९०३ च्या सप्टेंबरात घरी धाडलेल्या मुलांचा आकडा १,१०१ वर आला.

खुपऱ्यांचा जंतू वेगळा करून वाढविल्याचे चीनचे थांग फेईफान यांनी १९५७ साली प्रसिद्ध केले. डोळ्यांचा व नाकाचा स्राव हातांवरून, टॉवेलवरून, अंथरुणावरून, माश्यांच्या पायांवरून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. एकदा लागण झाली म्हणून कोणी आंधळे होत नाही. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लागण होऊन पापणी आतून आखडते, केस आत वळतात आणि बुबुळावर घासत राहतात. या रोगाने दृष्टी गमावण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या चौपटीपर्यंत आढळते, कारण मुलांना कडेवर घेणाऱ्या त्याच.

आमच्या चाळीत सगळ्या मजल्याला नळ एकच. आम्हा तिघा भावांचे डोळे आले की आई एकाच पदराने तिघांचे डोळे पुशी, आणि नंतर त्याच पदराने स्वतःचा घाम.