अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम आणि मद्यपान

अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम हा स्वमग्नतेचाच एक प्रकार होय. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी १९४४ साली अशा मुलांचे वर्णन केले. २०१३ पासून अमेरिकन निदानसूचीत त्याची स्वतंत्र नोंद नाही. तो स्वमग्नतेतच गणला जातो. या व्यक्तींची बुद्धी व भाषा सहसा शाबूत असते. मात्र इतरांचे हावभाव ओळखणे, गप्पांत सामील होणे व गोंगाट सोसणे त्यांना अवघड जाते.

नियमप्रिय व एकांतप्रिय असल्याने ही माणसे मद्यापासून दूर राहतात, असा पूर्वी समज होता. अनेकजण तसे राहतातही. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासात स्वमग्न व्यक्तींना व्यसनाचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे आढळले. समारंभातील ताण एका पेल्याने हलका होतो. पुढे पेल्यावाचून माणसांत जाणेच अशक्य वाटू लागते. इंग्लंडचे मॅथ्यू टिन्स्ली यांना मद्यमुक्तीच्या उपचारांनंतर अ‍ॅस्पर्जरचे निदान झाले. सारा हेंड्रिक्स यांच्यासह त्यांनी २००८ साली याच विषयावर पुस्तक लिहिले.

म्हणून अशा व्यक्तीला 'दारुडा' म्हणून हिणवण्याआधी ती कोणती भीती दडपते आहे, हे आपण जाणून घ्यावे. चारचौघांत मन मोकळे करणे तिला जड जात असेल, तर समुपदेशकाशी एकट्याने भेट, स्पष्ट शब्द आणि ठरलेला दिनक्रम उपयोगी पडतो. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, असे आम्ही आवर्जून सुचवतो.