ऋतुनिवृत्ती, संप्रेरके आणि त्वचेचे तारुण्य : एका वैद्यकीय कल्पनेचा इतिहास

एखादी औषधोपचाराची कल्पना प्रयोगशाळेत जन्मास येते, रुग्णालयात पारखली जाते आणि नंतर बाजारात जाते, असा क्रम सामान्यतः गृहीत धरण्यात येतो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या त्वचेत होणारे बदल संप्रेरकांच्या योगाने थोपविता येतील, या कल्पनेचा इतिहास मात्र निराळा आहे. येथे आश्वासन आधी आले, मापन पुष्कळ मागाहून आले आणि नियंत्रित परीक्षा सर्वांत शेवटी झाली. या विपर्यासाची किंमत ज्यांनी मोजली त्या सामान्य स्त्रिया होत्या. म्हणून त्याचा क्रमवार विचार होणे अगत्याचे आहे.

१८८९ साली पॅरिस येथे बहात्तर वर्षांचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला व आपल्या अंगी नवा जोम आल्याचे विद्वत्सभेत निवेदन केले. हा अनुभव पुढे कसोटीस उतरला नाही. परंतु ग्रंथींच्या अर्कात तारुण्य साठविलेले असते ही समजूत रूढ झाली. अंडाशयाच्या संप्रेरकास शास्त्रीय अधिष्ठान लाभले ते १९२३ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत ॲलन व डॉयझी यांनी त्याची क्रिया प्राण्यांवर अजमावण्याची पद्धती सिद्ध केली. १९२९ मध्ये अमेरिकेत डॉयझी व जर्मनीत बूटेनांट यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून ईस्ट्रोन हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. १९३८ साली लंडनच्या डॉड्स यांनी कृत्रिम व स्वस्त असे स्टिल्बेस्ट्रॉल प्रसिद्ध केले, तर १९४२ मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनविलेले प्रेमारिन अमेरिकेच्या बाजारात आले. याच सुमारास पाश्चात्त्य सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापाऱ्यांनी संप्रेरकयुक्त मलमे विकावयास आरंभ केला होता. त्वचेवर संप्रेरकाचा नेमका परिणाम काय होतो, हे तेव्हा कोणीही मोजलेले नव्हते.

शास्त्रीय निरीक्षणाचा पहिला महत्त्वाचा धागा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. बॉस्टनचे फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ मध्ये ऋतुनिवृत्तीनंतरच्या अस्थिविरलतेचे वर्णन केले, तेव्हा अशा स्त्रियांची त्वचाही पातळ झालेली असते, अशी नोंद त्यांनी केली. अस्थी व त्वचा या दोहोंचा आधार कोलॅजेन हे प्रथिन असल्याने हा संबंध अर्थपूर्ण होता. तथापि पुढील चाळीस वर्षे या धाग्याचा फारसा पाठपुरावा झाला नाही.

त्याऐवजी गाजला तो प्रचार. १९६६ मध्ये न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे ‘फेमिनिन फॉरएव्हर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ऋतुनिवृत्ती ही निसर्गक्रमातील अवस्था नसून मधुमेहासारखा अभावजन्य रोग होय, आणि ईस्ट्रोजेन घेतल्यास स्त्रीचे रूप व लावण्य टिकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेत या औषधाचा खप झपाट्याने वाढला. डिसेंबर १९७५ मध्ये मात्र दोन संशोधन-निबंधांनी दाखवून दिले की, केवळ ईस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण अनेक पटींनी अधिक आढळते. त्यानंतर गर्भाशय असलेल्या स्त्रियांस प्रोजेस्टोजेनची जोड देण्याची प्रथा पडली.

त्वचेचे मापन खऱ्या अर्थाने सुरू झाले ते यानंतर. १९८३ मध्ये लंडन येथे ब्रिंकॅट व त्यांच्या सहकाऱ्यांना संप्रेरकोपचार घेतलेल्या स्त्रियांच्या त्वचेत, न घेतलेल्या समवयस्क स्त्रियांपेक्षा, ४८ टक्के अधिक कोलॅजेन आढळले. ऋतुनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजेन नाहीसे होते, हा पुढे सर्वत्र उद्धृत झालेला आकडाही याच संशोधनपरंपरेतील होय. १९९७ मध्ये अमेरिकेतील ३,८७५ स्त्रियांच्या पाहणीत ईस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कोरडेपणा व सुरकुत्या कमी दिसून आल्या. परंतु अशा पाहणीत एक दोष संभवतो. उपचार घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक सुस्थितीतील व प्रकृतीची निगा राखणाऱ्या असतात. तेव्हा फरकाचे श्रेय औषधास द्यावे की राहणीस, हे ठरविता येत नाही.

ही शंका फेडण्यास चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेली परीक्षाच हवी होती. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील अशी एक परीक्षा मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. संयुक्त संप्रेरके घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण वाढले होते, अस्थिभंग मात्र घटले होते. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे निष्कर्षाचा अर्थ लावताना ध्यानात ठेवावयास हवे. खास त्वचेसाठी योजलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत ४८५ स्त्रियांवर ४८ आठवडे अल्प मात्रेतील संप्रेरकांचा परिणाम अजमावण्यात आला. सुरकुत्या वा शिथिलता यांत लक्षणीय फरक पडला नाही.

यावरून ब्रिंकॅट यांचे मापन खोटे ठरत नाही. त्वचेच्या पेशींत ईस्ट्रोजेनचे ग्राहक आहेत आणि कोलॅजेनवर त्याचा परिणाम होतो, हे मान्य झालेले आहे. परंतु त्वचेच्या तुकड्यातील कोलॅजेन वाढणे आणि उन्हाने व वयाने बदललेला चेहरा पालटणे, या दोन भिन्न गोष्टी होत. बाजाराने दुसरीचे वचन पहिलीचे मापन होण्यापूर्वीच देऊन टाकले होते. आज हा उपचार अंगाची लाही व तत्सम त्रासांसाठी स्त्रीचे वय व प्रकृती पाहून दिला जातो; केवळ त्वचेसाठी त्याची शिफारस केली जात नाही. हा विवेक येण्यास सहा दशकांहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात औषध घेणाऱ्या असंख्य स्त्रियांना आपण एका अपुऱ्या पुराव्यावर विसंबत आहोत याची कल्पनाही देण्यात आली नव्हती.