आजीबाईंना लिहिलेली पत्रं

पुण्याहून नगरला घरी जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. लहानपणी गाडी तिथून जायची तेव्हा आई खिडकीतून बोट दाखवून सांगायची, "ते बघ, तिकडं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन." आमच्या संडे स्कूलच्या भिंतीवर रमाबाईंचा फोटो होता. पांढरं लुगडं, आखूड केस, शांत चेहरा. त्या फोटोमुळे माझी अशी समजूत झाली होती की या बाईला देवाबद्दल कधी काही शंका आलीच नसेल. संत माणसं जन्मतःच तशी असतात, आपण नसतो, विषय संपला.

ही समजूत मोडली मागच्या वर्षी, आणि त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे.

आमच्या मंडळीतल्या तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रात्री साडेअकराला एका मित्राचा मेसेज आला. त्याची नोकरी गेली होती, घरी वडिलांचं डायलिसिस चालू होतं. त्यानं लिहिलं होतं, "चार महिने झाले, मला प्रार्थना करता येत नाहीये. डोळे मिटले की नुसता राग येतो. देव ऐकतोय की नाही, हेच कळेनासं झालंय." दहा मिनिटांत पंचवीस-तीस उत्तरं आली. जोडलेले हात, बायबलची वचनं, 'विश्वास सोडू नको भावा', 'ही परीक्षा आहे'. मीसुद्धा सूर्योदयाच्या फोटोवर छापलेलं एक वचन फॉरवर्ड केलं आणि झोपून गेलो. सकाळी पाहिलं तर तो ग्रुपमधून बाहेर पडलेला होता.

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला तिकीट बंद करण्याची घाई असते. तक्रार खरी आहे का, हे बघण्याआधीच कुणीतरी 'आमच्याकडे तर नीट चालतंय' असं लिहून मोकळं होतं. आम्ही सगळ्यांनी त्या रात्री त्याच्याशी नेमकं तेच केलं होतं.

त्याच सुमारास रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचं पुस्तक माझ्या हाती आलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ते १९७७ साली इंग्रजीत काढलं, संपादन अ. भि. शहा यांचं. आतली पत्रं प्रामुख्यानं १८८३ नंतरची, इंग्लंडमधली. ती वाचताना भिंतीवरचा तो शांत चेहरा पहिल्यांदाच माझ्याशी बोलू लागला, आणि बराचसा चिडून बोलू लागला.

आधी थोडी पार्श्वभूमी. रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगत जगलं. मग दुष्काळ आला. आई, वडील, बहीण, एकेक करून गेले. देवांना नवस झाले होते, उपास झाले होते, दानधर्मात होता नव्हता तो पैसा गेला होता. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढं भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत पटकीनं नवराही गेला. मांडीवर मनोरमा. १८८२ साली त्या पुण्यात आल्या तेव्हा वय होतं चोवीस. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

पुण्यात त्यांची गाठ फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी पडली. मूळचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. गोऱ्ह्यांबद्दल मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे हा माणूस आयुष्यभर शंकांनी पछाडलेला होता. ख्रिस्ती धर्माच्या बाजूनं पुस्तकं लिहायची आणि स्वतःच्या मनात मात्र पुन्हा पुन्हा तपासत राहायचं, असा त्यांचा पिंड. रमाबाईंच्या धर्मांतरामागे ज्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, ते गृहस्थ असे होते. ज्याची स्वतःची झोप उडालेली असते, त्यालाच दुसऱ्याच्या जागरणाची किंमत कळते.

१८८३ साली रमाबाई मनोरमेला घेऊन इंग्लंडला, वाँटेजच्या सेंट मेरीज या जोगिणींच्या मठात पोचल्या. वैद्यकी शिकायची होती, पण कानानं नीट ऐकू येत नसल्यामुळे ते राहून गेलं. सोबत आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिनं काही महिन्यांतच स्वतःचं आयुष्य संपवलं. नंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्याकडे राहिल्या, तेव्हा त्या इतक्या घाबरलेल्या होत्या की रात्री त्यांच्या खोलीत कुणाला तरी झोपावं लागे, असं त्यांनी लिहून ठेवलंय. अशा मनःस्थितीत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणायच्या. इंग्रजी पत्रात मधूनच हा मराठी शब्द येतो तेव्हा मला हसूही येतं आणि घशाशीही येतं.

कारण या आजीबाईंशी रमाबाईंची जी जुंपली आहे, तिला तोड नाही.

देव एकच, तर मग त्रैक्याचा सिद्धांत कसा समजून घ्यायचा? चर्चचा अमुक मतांगीकार मानला नाही तर माणूस तरत नाही, हे कुणी ठरवलं? ख्रिस्त मला मान्य आहे. पण बिशप सांगतात म्हणून एखादी गोष्ट मान्य करायची, तर आमच्या पुरोहितांनी काय वाईट केलं होतं? एका जोखडातून मोठ्या कष्टानं मान सोडवली, ती दुसऱ्या जोखडात देणार नाही, असा त्यांचा सूर. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यावरही रमाबाई उसळल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. त्या मांस-अंडी खात नव्हत्या, तर आजीबाईंना त्यात जातीचा ताठा दिसला.

जेराल्डिन वाईट नव्हत्या. त्यांचं मायलेकींवर प्रेम होतं, हे पानापानावर दिसतं. पण त्यांना प्रश्नात प्रश्न दिसत नव्हता, गर्व दिसत होता. लेकरू वाट चुकतंय या भीतीनं त्या आज्ञाधारकपणाचा धडा देत राहिल्या, आणि त्यामुळे लेकरू आणखी लांब गेलं. वाचताना मला आमच्या ग्रुपवरची ती पंचवीस-तीस उत्तरं आठवली. आम्हालाही त्याची काळजीच होती. पण त्या काळजीत आमची स्वतःची भीती किती होती? त्याचं खरं निघालं तर आपलं काय होणार, ही?

याच पत्रव्यवहारात दुसरी एक बाई आहे. डोरोथिया बील, चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या. रमाबाई जन्मल्या त्याच वर्षी, १८५८ला, त्यांनी हे पद हाती घेतलं होतं. रमाबाई तिथं शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. बीलबाईंना स्वतःला श्रद्धेच्या अंधाऱ्या काळातून जावं लागलं होतं, म्हणून असेल, त्यांनी रमाबाईंच्या प्रश्नांना बंडखोरी म्हटलं नाही. रमाबाईंची बुद्धी तत्त्वज्ञानाची आहे, सदसद्विवेकाला पटल्याशिवाय त्या काही स्वीकारणार नाहीत, म्हणून त्यांना अभ्यास करू द्या, वेळ द्या, अशी बीलबाईंची भूमिका होती. त्या रमाबाईंशी वाद घालायच्या, न पटलेलं न पटलेलंच म्हणायच्या. पण दार उघडं ठेवायच्या.

बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे. त्याचं सगळं गेल्यावर तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. मग ते बोलायला लागतात आणि सगळं बिघडतं. तुझंच काहीतरी चुकलं असणार, देवाला दोष देऊ नको, वगैरे. ईयोब मात्र देवाशी थेट भांडतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. बरोबर बोलला तो ईयोब, असा निवाडा होतो. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं अशी तक्रारीची आहेत आणि ८८वं तर अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी ते स्तोत्र गाळलं नाही. तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच, हे त्यांना ठाऊक असणार. बोलणं बंद होणं वेगळं, भांडण वेगळं. भांडणारा अजून समोर उभा असतो.

रमाबाई समोर उभ्या राहिल्या. १८८६ साली त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात हललं. पुढं त्यांनी स्वतःच लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. आठ वर्षं! तोवर पुण्यातल्या वर्तमानपत्रांना त्या फार ख्रिस्ती वाटत होत्या आणि वाँटेजच्या मठाला पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या.

आणि स्वतः अशी धडपडलेली बाई दुसऱ्यांसाठी काय करते? इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलम भागात त्यांनी जोगिणींचं एक घर पाहिलं होतं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथं प्रेमानं वागवलं जात होतं. तुझा विश्वास किती पक्का, हे विचारायच्या आधी जेवण, कपडे आणि छप्पर मिळत होतं. सिद्धांतांवरून ज्या मठाशी भांडण झालं, त्याच मठातल्या बायकांच्या या कामानं रमाबाईंना हलवलं होतं, आणि हे ऋण त्यांनी कधी नाकारलं नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना त्या घेऊन आल्या, तेव्हा स्वतःचा दुष्काळ त्यांना विसरता आला नव्हता. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. 'पतित' म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी तिथं कृपा सदनही झालं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या. बिशपांच्या सांगण्यावर न विसंबणारी मुलगी म्हातारपणी स्वतः मुळापर्यंत गेली, यात मला एक सरळ रेघ दिसते. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या.

एक गोष्ट जेराल्डिनबाईंच्या बाजूनंही सांगायला हवी. ही सगळी पत्रं आज आपल्याला वाचता येतात ती त्यांनीच जपून ठेवली, जुळवली म्हणून. ज्यांत त्या स्वतः कोत्या दिसतात, तीही. आणि रमाबाईंनी कितीही कडक लिहिलं तरी आजीबाईंना लिहिणं थांबवलं नाही. म्हणजे चुकीचं बोलणाऱ्या माणसालाही, तो निघून गेला नाही तर, नातं टिकवायची संधी मिळते.

हे वाचून झाल्यावर मी मित्राला मेसेज टाइप केला, तीनदा पुसला आणि शेवटी फोन केला. म्हटलं, "त्या रात्री मी ते वचन फॉरवर्ड केलं, ते चुकलं. चहाला भेटतोस का?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रविवारी डायलिसिस नसतं. रविवारी ये."

त्या रविवारी मी उपासनेला गेलो नाही. त्यांच्या घराखालच्या टपरीवर आम्ही दोन तास बसलो. तो देवावर भडाभडा बोलला, मी ऐकलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते आणल्याचा आव आणला नाही. तो अजून मंडळीत परतलेला नाही, परतेल की नाही हे मला सांगता येत नाही. पण आता महिन्यातून एकदा रविवारी आमचा चहा ठरलेला आहे. निघताना तो मला एकदा म्हणाला, "तू करतोस ना प्रार्थना? मग माझ्या वाटचं भांडण पण करून टाक."

मी करतो.