घरच्या अभ्यासाचे मोफत ऑफिस : कथा लिब्रेऑफिसची

१/६ 🧵 घरी निबंध टंकित करायचा असो वा प्रकल्पाचे तक्ते मांडायचे असोत, विद्यार्थ्याला ऑफिस सॉफ्टवेअर लागतेच. ते विकत घेणे न परवडणाऱ्या घरांना आज लिब्रेऑफिसचा मोफत आधार आहे. गंमत अशी की, त्याचे मूळही एका शाळकरी वयाच्या मुलापाशी जाते.

२/६ १९८५, पश्चिम जर्मनीतील ल्यूनेबुर्ग. अवघ्या १६ वर्षांच्या मार्को ब्योरीसने 'स्टार डिव्हिजन' ही कंपनी स्थापन केली. तिच्या 'स्टाररायटर'मधून पुढे 'स्टारऑफिस' हा संच आकारास आला.

३/६ १९९९ मध्ये अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली. सनच्या एका अधिकाऱ्याने नंतर कारण सांगितले : सुमारे ४२,००० कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनीच स्वस्त पडत होती!

४/६ १३ ऑक्टोबर २००० रोजी सनने या संचाचा सोर्स कोड जगासाठी खुला केला. त्यातून ओपनऑफिस जन्मास आले.

५/६ २०१० मध्ये ओरॅकलने सन ताब्यात घेतली आणि प्रकल्पाच्या भवितव्याची चिंता निर्माण झाली. मात्र खुला केलेला कोड परत घेता येत नाही. २८ सप्टेंबर २०१० रोजी स्वयंसेवकांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन'ची घोषणा केली. 'ओपनऑफिस' हे नाव ओरॅकलकडे होते, म्हणून नवे नाव ठरले 'लिब्रेऑफिस'. 'लिब्रे' म्हणजे मुक्त.

६/६ आज ते मराठीतूनही वापरता येते. मालक बदलले, नाव बदलले, तरी विद्यार्थ्याच्या हातातील साधन टिकले, ते २००० सालच्या त्या एका निर्णयामुळे.